हळदीने गळती थांबत नाही

वाचकहो, या सदरात आपण घरखर्च, शाळेचे दाखले, दवाखान्याची कागदपत्रे अशा विषयांवर बोलत आलो. आज विषय मोटारीचा आहे. ‘आमच्या दारात कुठली मोटार!’ असे म्हणून पान उलटू नका. गोष्ट मोटारीची असली तरी घडली ती आमच्या घरात.

आमचे थोरले बंधू टॅक्सीचालक. सारी हयात त्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली. ही गाडी आपल्या मुंबईचीच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. पुढे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी एकेक करून बाद झाल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर तिचीही मुदत संपली. दादांची टॅक्सी त्याच्या दोन वर्षे आधी गेली. त्यांना करमेना. मग ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची १९९६ सालची खासगी पद्मिनी त्यांनी स्वस्तात घेतली. वहिनींना दवाखान्यात न्यायचे, रात्री-अपरात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडायचे, एवढेच तिचे काम.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडीखाली गंजकट पाण्याचे थारोळे दिसू लागले. रेडिएटर गळत होता. दादांनी ड्रायव्हर मंडळींचे जुने औषध केले. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली. गळती दोन दिवस थांबली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा हळद. अशाने एके दिवशी वहिनींना तपासणीला नेताना गाडी रस्त्यातच तापली. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. घाईघाईत दादांनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तोच मागे बसलेल्या माझ्या पुतणीने त्यांचे मनगट धरले. “बाबा, झाकण उघडू नका!”

या मुलीने आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. पण गॅरेजवाले मुलीला ठेवून घेईनात, आणि दादाही म्हणाले, “मुलीने हात काळे करायचे नाहीत.” म्हणून ती एका दुकानात फोन घेण्याचे काम करते. त्या दिवशी तिने बापाला सांगितले ते असे. रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर उडते. दादांच्या कोपराखाली भाजल्याची जुनी खूण आहे. ते काही बोलले नाहीत. वहिनींना रिक्षाने पुढे पाठवले आणि गाडी थंड होईपर्यंत बापलेक फुटपाथवर बसून राहिले.

एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, “याचा रेडिएटर आता मिळत नाही. गाडी भंगारात काढा.” घरी आल्यावर पुतणी म्हणाली, “काका, मी काढते.” मी कारकून माणूस. पाने हातात देणे एवढेच माझे काम होते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तिने बॅटरीची वायर सोडवली आणि खाली घमेले ठेवून पाणी काढले. वरचा आणि खालचा रबरी पाइप क्लिपा सैल करून सोडवला. खालचा पाइप चिकटला होता. मी हिसका द्यायला गेलो तर ओरडली, “तोटी पितळेची आहे, तुटेल!” तिने पाइप ब्लेडने चिरला. पाइप नवा मिळतो, तोटी मिळत नाही. पंख्याची पाती लागून जाळी दबू नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवला, बोल्ट काढले आणि रेडिएटर सरळ वर उचलून घेतला. उलटा केला तेव्हा आतून पिवळा चिखल पडला. हळदीने भोक बुजले नव्हते, पाण्याच्या बारीक नळ्या मात्र बुजल्या होत्या. गाडी तापली ती त्यामुळे.

कुर्ल्याच्या एका गल्लीत रेडिएटर दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी नळ्या साफ केल्या, तोंडे रबरी बुचांनी बंद केली, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून पंपाने बेताची हवा भरली. वरच्या टाकीच्या सांध्यातून बुडबुडे आले. तिथेच गळती.

पुढचे काम पाहून मला लहानपणचा कल्हईवाला आठवला. आधी धातू घासून लख्ख करायचा, मग मळ खाणारे औषध लावायचे, मगच कथील धरते. इथेही तसेच. कथील-शिशाचा डाख, म्हणजे सोल्डर, दोनशे अंशांच्या आतच वितळू लागतो; पितळ वितळायला नऊशेच्या आसपास अंश लागतात. म्हणून भांडे शाबूत राहते आणि सांधा जुळतो. नव्या गाड्यांच्या अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला हा इलाज चालत नाही. कारागिरांनी पुतणीला विचारले, “करतेस?” तिने केले. सांधा धुऊन पुन्हा हौदात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. निघताना त्यांनी बजावले, शिसे विषारी असते. हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही, आणि हे काम घरात, लहान मुलांजवळ कधीच करायचे नाही.

रेडिएटर बसवल्यावर तिने बोअरचे पाणी भरू दिले नाही. त्या पाण्याने आत क्षार धरतात. शुद्ध पाणी आणि कूलंट भरले, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले, आतली हवा निघू दिली आणि पातळी पाहून झाकण लावले. कूलंटचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवला. ते चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि मुकी जनावरे फसतात.

संध्याकाळी दादा गाडीला एक चक्कर मारून आले. काटा जागचा हलला नव्हता. मुलीच्या काळ्या हातांकडे पाहत ते म्हणाले, “उद्या मी तुझ्याबरोबर त्या कारागिरांकडे येतो. शिकाऊ म्हणून ठेवतात का विचारू.”

वाचकहो, ती आता आठवड्यातून तीन दिवस तिथे जाते. पगार तूर्त थोडाच आहे. पण आपण कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन मुलींना शिकवतो आणि शिकल्यावर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्यांचे हात बांधून ठेवतो, हीसुद्धा घरातली एक गळतीच आहे. तिच्यावरही हळद टाकून भागत नाही. गळते कुठे, ते उघडून पाहावे लागते.