पाटी नको, प्रश्न बघा

एमए झालं. पीएचडी करायची हे पक्कं झालं, विद्यापीठही ठरलं. आणि मग वेबसाइट उघडल्यावर कळतं की इथे 'कम्युनिकेशन'ची पीएचडी एका नाही, दोन-तीन विभागांत करता येते. नावं सारखी, माहितीही सारखीच. मग आपण काय करतो? रँकिंग बघतो, एखाद्या सीनियरला मेसेज टाकतो, नाहीतर घरच्यांना समजावायला सोपं जाईल अशा नावावर क्लिक करतो. गडबड होते ती इथेच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचं उदाहरण घ्या. तिथल्या व्हायलस हॉल या एकाच इमारतीत दोन विभाग आहेत, पत्रकारिता आणि जनसंवादाचं स्कूल आणि 'कम्युनिकेशन आर्ट्स'. तिसरा विभाग 'लाइफ सायन्सेस कम्युनिकेशन'. तो कृषी महाविद्यालयाखाली येतो, कारण १९०८ मध्ये तो शेतीविषयक पत्रकारितेसाठीच सुरू झाला होता. हा विभाग आणि पत्रकारितेचं स्कूल मिळून 'मास कम्युनिकेशन'ची पीएचडी देतात. कम्युनिकेशन आर्ट्सची पीएचडी वेगळी. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं एकच वाटणार!

आता समजा, तुमचा विषय आहे 'बीटी कापसावरचे यूट्यूब व्हिडिओ आणि विदर्भातला शेतकरी'. लाइफ सायन्सेसमध्ये तो बहुधा विज्ञानावरच्या विश्वासाचा प्रश्न होईल. सर्व्हे करा, आकडे मांडा. पत्रकारितेत विचारतील, ही माहिती पसरवतंय कोण आणि त्यातून लोकांचं मत कसं घडतंय? कम्युनिकेशन आर्ट्समध्ये कुणी त्या व्हिडिओची भाषा, मांडणी, युक्तिवाद उलगडायला सांगेल. याच विभागात डेव्हिड बोर्डवेल यांनी तीन दशकं सिनेमा शिकवला. पण गंमत म्हणजे, याच विभागात कम्युनिकेशन सायन्सचीही शाखा आहे. म्हणजे फक्त विभागाचं नाव बघूनही भागत नाही. यमन सगळ्याच घराण्यांत गातात, तालीम मात्र वेगळी असते.

तुम्ही म्हणाल, शेजारच्या विभागातले कोर्स घेता येतीलच की! येतात. मॅडिसनमध्ये तर मुख्य विषयाबाहेरचा एक जोडविषय पूर्ण करावाच लागतो. पण तुमचा गाइड कोण, तुम्ही कोणत्या पद्धतीत तयार होणार, हे मुख्यतः घरच्या विभागावरच ठरतं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्ही काय शिकवू शकता?' असं विचारतात, तेव्हा हीच तालीम उपयोगी पडते, किंवा आडवी येते.

हा प्रश्न फक्त परदेशी जाणाऱ्यांचा नाही. पुण्यातही रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग आणि विद्यापीठाच्या आवारातला मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज विभाग, असे दोन आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या विलीनीकरणाची हालचाल झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला होता. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे आवडता विभाग मिळाला तरी हवा तो गाइड मिळेलच असं नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी एवढं करा. दोन्ही विभागांतले अलीकडचे तीन-तीन प्रबंध काढा आणि त्यातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचा. जे वाचताना 'हे मला करायचंय' असं वाटेल, ते आपलं घर. तिथे तुमच्या विषयातले किमान दोन मार्गदर्शक आहेत का बघा. एक विद्यापीठ सोडून गेला, तर पंचाईत नको. सध्याच्या विद्यार्थ्यांना थेट विचारा, पैसे किती वर्षं मिळतात? आधीचे लोक आज कुठे शिकवतायत? असं विचारायला लाजू नका.

आणि हे सगळं करूनही दोन्ही सारखेच वाटत असतील, तर कदाचित तुमचा प्रश्नच अजून नीट ठरलेला नाही. मग एक वर्ष थांबा, वाचा, काम करा. पाच-सहा वर्षं चुकीच्या घरात काढण्यापेक्षा एक वर्ष उशीर झालेला परवडला.