मागे उरलेल्याचे गाणे

तरुणपणी गेलेल्या कलावंताला आपण चटकन देवपण बहाल करतो. तो जगता तर काय काय करता, या कल्पनेतच त्याची मूर्ती मोठी होत जाते. मागे उरलेल्याचे काय? त्याला जगावे लागते, चुकावे लागते, म्हातारे व्हावे लागते, आणि तेही चारचौघांच्या देखत. अमेरिकेच्या दक्षिण भागातला गायक ग्रेग ऑलमन याची कारकीर्द पाहिली की वाटते, आपल्या कौतुकातला थोडा वाटा या उरलेल्यांसाठीही राखून ठेवायला हवा.

ड्वेन आणि ग्रेग हे सख्खे भाऊ, जन्म नॅशव्हिलचा. ड्वेन वर्षभराने मोठा. १९४९ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या वडिलांचा गोळी घालून खून झाला, तेव्हा ग्रेग जेमतेम दोन वर्षांचा होता. आईने हिमतीने लेखापालाचे शिक्षण घेतले आणि दोघांना वाढवले. पुढे बिऱ्हाड फ्लोरिडातल्या डेटोना बीचला आले. घरात पहिली गिटार आणली ती धाकट्याने. पण थोरल्याने ती हाती घेतली आणि मग खाली ठेवलीच नाही.

१९६९ मध्ये 'ऑलमन ब्रदर्स बँड' उभा राहिला आणि जॉर्जियातल्या मेकन गावी येऊन स्थिरावला. दोन गिटारी, दोन ड्रमवादक, आणि ग्रेगचा ऑर्गन व आवाज. कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेले ब्लूज संगीत हा त्यांचा पाया. ड्रमवादकांपैकी जेमो स्वतः कृष्णवर्णीय. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राहणे, एकत्र वाजवणे हे त्या काळच्या दक्षिणेत अनेकांच्या डोळ्यांत सलणारे होते. खिशात दमडी नसताना या पोरांना पोटभर जेवू घातले ते लुईस हडसन या कृष्णवर्णीय खानावळवालीने. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे कर्ज विलक्षण वाटते: तारण नाही, जामीन नाही, केवळ माणसाची पारख! नाव झाल्यावर मंडळी तिला विसरली नाहीत. दौऱ्यावरही घेऊन गेली.

मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातल्या त्यांच्या मैफली ध्वनिमुद्रित झाल्या. ग्रेगच्या 'व्हिपिंग पोस्ट' या गाण्याने त्यातल्या तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली आहे. तबकडी गाजू लागली, आणि २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय २४. वर्षभराने, नोव्हेंबर १९७२ मध्ये, बास गिटार वाजवणारा बेरी ओकली तशाच अपघातात, त्याच गावात गेला. त्याचेही वय २४.

इथे ग्रेगची खरी कारकीर्द सुरू होते, असे मला वाटते. ती स्वच्छ नव्हती. मादक द्रव्ये, दारू, मोडलेली लग्ने. १९७६ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात त्याने आपल्याच रोड मॅनेजरविरुद्ध साक्ष दिली; त्या माणसाला सुरुवातीला ७५ वर्षांची सजा सुनावली गेली. बँड फुटला. या साक्षीवर भावाच्या मृत्यूचे पांघरूण घालता येणार नाही, घालूही नये. दीर्घ कारकीर्द म्हणजे कोरी करकरीत चोपडी नव्हे. तिच्यात खाडाखोड असते आणि बुडीत खातीही असतात. प्रश्न एवढाच, की माणूस पुढचे पान लिहितो की नाही.

ग्रेगने लिहिले. १९९५ मध्ये बँडला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला, त्या समारंभात तो दारूने इतका झिंगलेला होता की धड बोलताही येईना. नंतर पडद्यावर स्वतःचे ते रूप पाहून त्याने दारू सोडली. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात १९८९ ते २०१४ या काळात बँडने सव्वादोनशेहून अधिक कार्यक्रम केले. २०१० मध्ये यकृतरोपण झाले. २०११ च्या आरंभी जुन्या ब्लूज गाण्यांचा अल्बम आला. २८ ऑक्टोबर २०१४ चा बँडचा अखेरचा कार्यक्रम मध्यरात्र उलटून गेला, म्हणजे ड्वेनच्या स्मृतिदिनात शिरला. शेवटी त्यांनी मडी वॉटर्सचे ते गाणे वाजवले, ज्याच्यापासून १९६९ मध्ये तालमींना सुरुवात झाली होती.

कोणी म्हणेल, हा जन्मभर भावाच्या पुण्याईवर जगला. मला ते पटत नाही. बँडची कितीतरी गाणी ग्रेगचीच होती. विशीतच त्याने थकल्या, पोळलेल्या माणसाच्या आवाजात गायले; तेव्हा ती देणगी होती. साठीत तो तसाच गायला, तेव्हा ती कमाई होती. ब्लूजमध्ये हा फरक कानाला कळतो.

२७ मे २०१७ रोजी, ६९ व्या वर्षी तो गेला. मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत ड्वेन आणि बेरीच्या सोबतीला त्याला पुरले. शेवटचा अल्बम त्याच्या मागून, सप्टेंबरमध्ये आला.

घरोघरी असा एखादा उरलेला असतो. कर्तबगार भाऊ गेला, भिंतीवर त्याची तसबीर लागली. आणि जो राहिला तो आईचे औषधपाणी, घराचा हप्ता आणि स्वतःचे दोष सांभाळत रोज कामावर जातो. तसबिरीला आपण न चुकता हार घालतो. या माणसाला 'दमलास का रे?' एवढे तरी आज विचारावे.