छातीत दुखलं तर कुठे न्यायचं?



मागच्या हिवाळ्यात फजरच्या आधी अब्बांच्या छातीवर पाटा ठेवल्यासारखा दाब आला. घाम असा की बनियन पिळून काढावं. अम्मी म्हणाल्या, "गॅस होगा, रात को भजे खाए थे." सोडा पाजला, ओवा चघळायला दिला, पाठ चोळली. यात सव्वा तास गेला. ही चूक आमची, ती कुणावर ढकलता येत नाही.

मग जवळच्या दवाखान्यात नेलं. चकचकीत फरशी, काचेचं दार. सलाईन लागली, गॅसचं इंजेक्शन झालं. ईसीजीचं विचारलं तर उत्तर मिळालं, "मशीनवाला मुलगा नऊला येतो." भाईजाननी अब्बांना रिक्षात घातलं आणि दुसरीकडे नेलं. तिथली इमारत जुनी, भिंतींना ओल. पण दहा मिनिटांत ईसीजी निघाला, त्याचा फोटो हृदयरोगतज्ज्ञांच्या मोबाईलवर गेला आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. त्यानंतरच पुढे सुरतला पाठवलं.

अब्बा आज आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. मशिदीपर्यंत जाताना दोनदा थांबतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत आपण 'झटका' म्हणतो. झटका म्हटलं की वाटतं, जे व्हायचं ते क्षणात होऊन गेलं. खरं तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू तासातासाने मरत जातो. 'दिल का दौरा' म्हटल्यावरही तो येऊन निघून जाईल असंच वाटतं. दोन्ही भाषा इथे थोडी फसवणूक करतात.

अब्बांच्या आजारपणानंतर मी बरंच वाचून काढलं. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ रुग्णांचा अभ्यास आला. मोठा झटका आलेले निम्मे रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाच तास किंवा त्याहून जास्त वेळ गेला होता. तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के, तर गरिबांमध्ये ८.२ टक्के. मला थांबवलं ते पुढच्या वाक्याने. मिळालेल्या उपचारातला फरक हिशोबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याला मिळालेला उपचार वेगळा होता.

आणि हे सगळे उपचार महागडे असतात असंही नाही. ॲस्पिरिनची गोळी आणि स्ट्रेप्टोकायनेजचं इंजेक्शन, दोन्ही वेळेत मिळाली तर पहिल्या पाच आठवड्यांतले हृदयविकाराचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटतात, हे १९८८ सालीच सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसलं होतं. (गोळी डॉक्टरांना फोनवर विचारूनच द्या. अल्सर किंवा ॲलर्जी असेल तर ती उलटू शकते.)

आपल्या जिल्ह्यात हे जास्त लागू पडतं. धडगावचा माणूस घाट उतरणार, मग नंदुरबार, तिथून धुळे नाहीतर दीडशे किलोमीटरवरचं सुरत. गुठळी इतकं थांबत नाही. तामिळनाडूत लहान दवाखाने मोठ्या रुग्णालयांना जोडून पाहिले. इंजेक्शन जवळच्या ठिकाणी, मग रुग्ण पुढे अँजिओग्राफीला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आलं. धडगाव, अक्कलकुव्याला अँजिओप्लास्टीची खोली कधी होईल ते होवो, ही जोडणी त्याआधी होऊ शकते.

अमेरिकेत सरकार रुग्णालयानुसार तीस दिवसांतले मृत्यू जाहीर करतं. आपल्याकडे असा फलक मी कुठे पाहिला नाही. अर्थात नुसता आकडा फसवा असतो. कच्ची मुलं घेणाऱ्या शाळेचा दहावीचा निकाल कमी लागतो, म्हणून ती शाळा वाईट ठरत नाही. तसंच अत्यवस्थ रुग्ण जिथे जातात तिथे मृत्यू जास्तच दिसणार. तिकडे वय आणि इतर आजार धरून हिशोब करतात, आणि तरीही रुग्णालयांमध्ये फरक उरतो. तिथल्याच एका अभ्यासात आढळलं की जी रुग्णालयं ॲम्ब्युलन्सवाल्यांसोबत दर महिन्याला बसून झालेल्या केसेस तपासतात, तिथे मृत्यू कमी असतात. यात यंत्र कुठलंच नाही.

मग मी एका रविवारी आमच्या भागातल्या तीन दवाखान्यांत गेले. घरात सगळे ठणठणीत असताना. विचारलं, रात्री दोनला ईसीजी निघेल का? गुठळीचं इंजेक्शन आत्ता फ्रिजमध्ये आहे की बाहेरून आणावं लागेल? तो ईसीजी कोण वाचणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुम्ही आहात का, नसाल तर पुढे पाठवता ते रुग्णालय आहे का? एका ठिकाणी काउंटरवरची मुलगी हसली, "मॅडम, पेशंट कुठे आहे?" दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि इंजेक्शन दाखवलं. तिसऱ्या ठिकाणी "बघू ना" म्हणाले.

मी एका कागदावर त्या दवाखान्याचं नाव, फोन नंबर आणि १०८ असं लिहून दाराच्या मागे चिकटवलं. अब्बांना अक्षर बारीक वाटलं. त्यांनी चष्मा लावून तोच मजकूर खाली उर्दूत मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिला, आणि शेवटी एक ओळ स्वतःची जोडली: सोडा मत पिलाना.