नैनीतालच्या आधी नवेगावबांध

शाळेच्या वार्षिक सहलीसाठी यंदा पालकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा सर्वांत जास्त चिठ्ठ्या नैनीतालच्या निघाल्या. तलाव, डोंगर आणि थंड हवा, सगळे एकाच ठिकाणी. काही विश्वस्तांचेही मत तसेच आहे. शहरातल्या इतर शाळांची मुले लांब लांब जाऊन येतात, त्यांचे फोटो फलकावर लागतात, मग आपली इतकी जुनी शाळा मागे का, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. तरी माझे मत वेगळे आहे, आणि ते सभेत पाच मिनिटांत उरकण्यापेक्षा इथे सविस्तर मांडावे असे वाटले.

माझे म्हणणे असे की, मुलांना तलावच दाखवायचे असतील तर गाडी आधी दक्षिणेला वळवावी. रजेगावला वाघ नदीचा पूल ओलांडला की आपण ज्या मुलखात शिरतो, तो तलावांचाच मुलूख आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो सगळा भंडारा जिल्ह्यात होता, आणि तलावांचा जिल्हा हीच भंडाऱ्याची ओळख होती. सरकारी नोंदीत पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांवर जुने तलाव आहेत. बालाघाटहून नवेगावबांध शंभर-सव्वाशे किलोमीटर. सकाळी निघालेली बस वाटेत थांबत थांबत गेली तरी दुपारच्या जेवणाला पोचते.

यावर पालक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. "गोंदिया? तिथे तर आम्ही लग्नाचे कपडे घ्यायला जातो, सर. त्यात सहल कसली?" बरोबर आहे. आपल्या मुलांनी तो रस्ता वीस वेळा पाहिला आहे. मामाकडे, आत्याकडे, दवाखान्यात, बाजारात. पण किती मुलांनी त्या रस्त्यावरचा एक तरी तलाव पाहिला, हे मी दोन-तीन वर्गांत विचारून बघितले. हात फारसे वर आले नाहीत. याचे कारण मुलांचा आळस नव्हे. हा तलाव रस्त्यावरून दिसतच नाही. दिसते ती मातीची लांबलचक पाळ, तिच्यावर गवत, मोहाची, आंब्याची झाडे. प्रवाशाला वाटते टेकडी आहे. गाडीतून उतरून पाळ चढावी लागते, तेव्हा कुठे पाणी समोर येते. मोठ्या रस्त्याने साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्याला हा मुलूख कोरडाच वाटणार.

नैनीताल, भीमताल, सातताल ही निसर्गाने दिलेली सरोवरे. सुंदर आहेत, त्यात वाद नाही. नवेगावबांधची गोष्ट निराळी आहे, तो माणसांनी बांधलेला आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात असा रिवाज होता असे सांगतात की, जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन. या रिवाजाचा फायदा सर्वांत जास्त घेतला तो कोहळी समाजाने. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची, आणि अडलेल्या पाण्यावर खाली धान आणि ऊस पिकवायचा, हे त्यांचे कसब. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्या कोलू पाटलाला देवच केले, कोलासुर म्हणून त्याची पूजा होते. धरण बांधणाऱ्याचा देव झाल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आमच्या भूगोलाच्या सरांनाही नाही.

सात टेकड्यांच्या कुशीतला हा तलाव दहा-अकरा चौरस किलोमीटरचा आहे. त्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. पण मुलांनी फक्त आकार पाहून 'वा' म्हणून परत यावे, असे मला वाटत नाही. पाळ कशी घातली, पाणी सोडायचे तुडुम कुठे असते, जास्तीचे पाणी सांडव्यावरून कुठे जाते, हे त्यांनी चालत जाऊन बघावे. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांध्यांत. आठवीच्या पुस्तकात जलसंधारणाचा धडा आहे. तो धडा तिथे जमिनीवर पसरलेला आहे.

आता आपल्या बालाघाटचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हा सगळा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. नदी होती तिथेच होती, सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. पुस्तके मात्र बदलली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला भोपाळचा बडा तलाव आम्हाला पाठ होता, आणि तो असावाच. पण घरापासून अडीच-तीन तासांवरचा नवेगावबांध आमच्या कुठल्याच धड्यात नव्हता, कारण तो दुसऱ्या राज्याच्या पुस्तकात गेला होता. लांजेवार हे आडनाव भंडारा-गोंदियात कितीतरी घरांवर दिसते. लांजी मात्र आपल्या जिल्ह्यात आहे. एवढे सांगितले तरी मुलांना नकाशा उघडून बघावासा वाटतो, असा अनुभव आहे.

या तलावांना तिकडे मामा तलाव म्हणतात, हेही मुलांना आवडेल. 'माजी मालगुजारी' याचे ते लहान रूप. (आपल्या अर्ध्या मुलांचे मामा खरोखरच तिकडचे, त्यामुळे अर्थ सांगितला नाही तरी नाव लक्षात राहील.) १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले, तिच्यातली वेठबिगारी आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली आहे. पण दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, ही जी गावाची कामे होती ती हळूहळू कोणाचीच राहिली नाहीत. तलाव उथळ झाले, काठाला बेशरमची झाडी माजली, कुठे पोटात शेते आली. अलीकडे काही गावांत ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे आणि पाखरे परत येऊ लागली. अशा एखाद्या गावात तासभर थांबून त्या बायांशी मुलांना बोलू द्यावे, असे माझ्या मनात आहे. मुलांनी प्रश्न मराठीत विचारावेत. त्या झाडीबोलीत उत्तरे देतील. आपली मुले वर्गात शुद्ध मराठी बोलायला बिचकतात, ती झाडीबोली ऐकून बिचकणार नाहीत, कारण ती बोली त्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे.

पाखरांवरून सारस आठवला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे, आणि नदीच्या अलीकडे आपल्या बालाघाट जिल्ह्यातही आहे. धानाच्या बांधीत घरटे करतो, त्यामुळे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे. त्याला राज्याची हद्द कळत नाही, हे मुलांना वेगळे समजावून सांगायला नको. दिसेलच याची हमी मी देत नाही.

रस्त्याविषयी. पहिल्या दिवशी बालाघाट, गोंदिया, गोरेगाव, कोहमारा आणि तिथून नवेगावबांध. कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडावा लागतो, तेवढाच गजबजाट. पुढे जंगलातला लहान रस्ता लागतो. दुसऱ्या दिवशी सिरेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण. जुन्या लोकांची मातीची पाळ आणि आजच्या इंजिनीयरांचे धरण एकाच दिवशी बघितले म्हणजे तुलना आपोआप होते. इटियाडोहजवळ गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. घर सोडून हजारो किलोमीटर दूर आलेल्या लोकांनी आपली भाषा आणि आपले सण कसे टिकवले, हे बालाघाटच्या मराठी शाळेने बघण्यासारखे आहे. विश्वस्तांनीही यावे.

बसवाल्याला आधी स्पष्ट सांगावे लागेल की लवकर पोचण्याचे बक्षीस नाही. जिथे पाळ दिसेल तिथे बस थांबेल. दुसऱ्या राज्यात जाण्याचा तात्पुरता परवाना आणि कर आधी भरलेला हवा, नाकाबंदीत मुलांना दोन तास ताटकळत ठेवणे बरे नव्हे. दोन शिक्षक पंधरा दिवस आधी जाऊन रस्ता, मुक्कामाची जागा आणि विशेषतः मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय बघून येतील. ती सोय नसेल तिथे थांबायचे नाही, मग तलाव कितीही सुंदर असो. वेळ डिसेंबरचा शेवट. तोवर धान निघालेले असते, तलावांत पाणी असते, बाहेरची पाखरे आलेली असतात, आणि बोर्डाच्या परीक्षांना थोडा अवकाश असतो.

एका बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही. नावेत कोणी बसणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत जागेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांना जीवरक्षक जाकिटे नव्हती. ही बातमी ज्या मुख्याध्यापकाने वाचली आहे, त्याने काठावरूनच तलाव दाखवावा. मुले नाराज होतील. पालकांनी घरी समजूत घालावी.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. दर वर्षी सहलीची यादी लागते आणि प्रत्येक वर्गातली काही मुले अचानक 'आजारी' पडतात. कोणाच्या घरी नेमके त्याच आठवड्यात लग्न निघते. वर्गशिक्षकांना खरे कारण कळते, पण मुलाचा मान राखायचा म्हणून कोणी बोलत नाही. नैनीतालला जायचे तर काठगोदामपर्यंत रेल्वेचा लांबचा प्रवास, गाड्या बदलणे, वर हॉटेल, जीप, गरम कपडे. ही यादी किती लांब होईल? ज्यांची ऐपत आहे ती मुले नैनीतालला आई-वडिलांबरोबरही जातील, आणि अवश्य जावीत. शाळेची सहल मात्र पूर्ण वर्गाची असावी. नवेगावबांधचा दोन दिवसांचा खर्च इतका कमी येतो की विश्वस्तांनी थोडा हातभार लावला तर एकही मूल मागे राहणार नाही. फलकावर फोटो लावायचाच असेल तर तो पूर्ण वर्गाचा लावू, माझी हरकत नाही.

पर्वत मुलांनी बघूच नयेत असे मी म्हणत नाही. बारावी झालेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात वेगळी सहल काढता येईल, तिचा विचार वेगळा करू.

विश्वस्तांनी होकार दिला तर तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू होईल. एका शनिवारी सर्व वर्ग बैहर रस्त्यावरच्या गांगुलपाऱ्याला जातील. पाळ म्हणजे काय आणि पाणी कुठून सुटते, हे आधी आपल्याच जिल्ह्यात बघून घ्यावे. नववी-दहावीच्या मुलांनी ग्रंथालयातून मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' आळीपाळीने न्यावे. चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते, आणि जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याविषयी वर्गात बोलणे झाले होते, ते मुलांना आठवत असेल. लहान वर्गांनी घरच्या आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहून आणावे: तुमच्या गावाचा तलाव कोणी बांधला, आणि त्याचा गाळ शेवटचा कधी निघाला?

संमतीपत्रे पुढच्या अंकाबरोबर येतील. बसमधल्या खिडकीच्या जागांवरून दर वर्षी भांडण होते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जाताना जे खिडकीशी बसतील, ते येताना आत बसतील. शिक्षकांनाही हाच नियम.