निकाल कोणाचा लागला?

दहावीचा निकाल लागला, की जिल्ह्याजिल्ह्यांची टक्केवारी छापून येते आणि तळाच्या जिल्ह्यातले मास्तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. मला या टक्केवारीचेच कोडे पडते. ती परीक्षेला बसलेल्यांना मोजते. वाटेत गळालेल्यांना नव्हे.

१९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा घ्या. सातपुड्यातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरेही जातात. २००९चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षाशी थांबतो. नववी-दहावी त्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यात सरकारने २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता दिली. २००९मध्ये ‘कायम’ शब्द गेला, पण पुढे अनुदान आले ते २०, ४० टक्के अशा टप्प्यांनी. शहरात ही तूट पालकांच्या फीतून भरून निघते. डोंगरातल्या शाळेत ती शिक्षकाच्या पगारातून आणि मुलांच्या प्रयोगशाळेतून कापली जाते.

माझे म्हणणे एवढेच: नववीच्या पटावरची किती नावे दहावी उत्तीर्ण झाली, ते आधी छापा. जिथे गळती मोठी, तिथल्या शाळेला आणि वसतिगृहाला पहिला पैसा द्या. ताप मोजायचा तो औषध देण्यासाठी, रोग्याला नापास करण्यासाठी नव्हे.