घरातलं विकायला लाज कसली?

२०१६ चा उन्हाळा आठवतो? तिकडे लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि इकडे आमचं माजलगावचं धरण आटलं होतं. अब्बूंचं वेल्डिंगचं दुकान. शेतकऱ्याच्याच हातात पैसा नाही, मग तुटलेला नांगर नि ट्रॉली दुरुस्तीला आणणार कोण? दुकान दिवसभर सुनं. मी त्याच वर्षी बारावी झाले होते आणि पुढच्या कॉलेजची फी भरायची होती.

एका रात्री इशाच्या नमाजनंतर अम्मीने माळ्यावरची तांब्याची देग खाली काढली. नानीने तिला निकाहात दिलेली. मामूंनी ताणकाट्यावर तोलली, तर नऊ किलोच्या वर भरली. मग ती गोणपाटात गुंडाळली. का, तर मोहल्ल्यातल्या कुणाला दिसू नये. भंगारवाला दुकान बंद करायच्या बेतात होता. त्याच्या काट्यावर देग साडेसात किलो भरली. मामू बोलणार होते, पण अम्मीने त्यांचा हात दाबला. वाद घातला असता, तर चार माणसं जमली असती.

त्या रात्री आमचं दीड किलो तांबं गरिबीने नाही, लाजेने नेलं. इतक्या वर्षांनी मला म्हणायचं आहे ते एवढंच: घरातलं जास्तीचं सामान विकण्यात लाज नाही. तोटा होतो तो लपूनछपून विकण्यात.

ही लाज आपल्याकडे आली कुठून? दीनमधून तर नक्कीच नाही. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात हजरत अनस यांच्याकडून आलेला एक प्रसंग आहे. एक अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. त्यांनी विचारलं, घरात काय आहे? एक जाड कापड होतं, अर्धं पांघरायचं नि अर्धं अंथरायचं, आणि पाणी प्यायचा एक वाडगा. त्यांनी दोन्ही वस्तू मागवून घेतल्या आणि सगळ्यांसमोर स्वतः बोली लावली. एकाने एक दिरहम सांगितला. कुणी जास्त देतं का, असं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचं घरी धान्य न्यायचं, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायची. तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि माणसाला लाकडं तोडायला पाठवलं. पंधरा दिवसांनी तो परतला, तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

हा किस्सा आपण तकरीरीत ‘भीक मागू नका’ एवढ्यासाठी ऐकतो. मला त्यात आणखी तीन गोष्टी दिसतात. विक्री सगळ्यांसमोर झाली. एका भावावर न थांबता दुसरा भाव विचारला गेला. आणि आलेले सगळे पैसे खाण्यात गेले नाहीत; अर्ध्यांचं अवजार आलं. अम्मीच्या देगीच्या बाबतीत पहिल्या दोन्ही गोष्टी चुकल्या. तिसरी तेवढी साधली, कारण ते पैसे माझ्या फीला गेले.

आता जरा आपापल्या माळ्यावर नजर टाका. जहेजमध्ये आलेले डिनर सेट, खोक्यातून न निघालेला मिक्सर, दुसरं कपाट, तिसरा दिवाण. यातलं बरंचसं मुलीच्या बापाने कर्ज काढून घेतलेलं असतं. तिकडे त्याचे हप्ते चालू असतात, इकडे वस्तूंवर धूळ बसत असते. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ पासून आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. मेहर मात्र त्यातून वगळली आहे. पुढच्या निकाहात हे सामान घेऊच नये, हे खरं उत्तर. पण जे घरात येऊन पडलं आहे, त्याचं काय?

इथे मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बायकोसोबत आलेलं सामान तुमचं नाही, तिचं आहे. १९८६ चा मुस्लिम महिला कायदासुद्धा सांगतो की निकाहाच्या आधी, निकाहात किंवा नंतर तिला मिळालेल्या वस्तूंवर घटस्फोटानंतर तिचाच हक्क आहे. तेव्हा विकायचं की नाही हे ती ठरवेल, आणि पैसेही तिच्याच हातात येतील. तिला न विचारता कपाट विकणारा नवरा काटकसर करत नाही, दुसऱ्याचा माल विकतो.

जकातीशीही याचा संबंध आहे. रोजच्या वापरातल्या घरगुती सामानावर जकात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हनफी फिकहनुसार कर्ज वजा करून ज्याच्याकडे गरजेबाहेरचं सामान साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीचं आहे, तो जकात घेऊ शकत नाही. म्हणजे जकातीसाठी हात पुढे करण्याआधी माळा तपासणं आलंच.

विकताना काही साध्या गोष्टी पाळा. चालू फ्रिज, कूलर, टेबल हे भंगार नव्हे. भंगारवाला लोखंडाचा भाव देतो, वस्तूचा नाही. म्हणून आधी ओळखीपाळखीत गिऱ्हाईक शोधा. तांब्या-पितळेची मोड घरी तोलूनच न्या आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी व्हावी लागते. शिक्का दिसत नसेल तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. जुना मोबाइल देताना सिम आणि मेमरी कार्ड काढा, आतलं सगळं पुसा, बिल सोबत द्या. गॅसची टाकी विकू नका. ती कंपनीची असते, कनेक्शन परत केलं की अनामत मिळते. आणि वस्तूत खोट असेल तर आधी सांगा. वर कोरडं, खाली भिजलेलं धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) काय सुनावलं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, ज्याच्या घरी पोटभर नाही त्याच्याकडे जास्तीचं काय असणार? बरोबर आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला जातात. त्यांना ‘भांडी विका’ असं सांगणं ही क्रूर थट्टा होईल. त्यांना हवं आहे ते काम आणि वाजवी मजुरी. म्हणून एक रेघ ओढून घेऊ: जे पडून आहे ते विकावं, ज्यावर चूल पेटते ते नाही. शिलाई मशीन, शेळी, वेल्डिंगचा सेट, हातगाडी ही आपली कुऱ्हाड आहे. कुऱ्हाड विकून धान्य आणलं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा हात पसरायची वेळ येते.

एक काम आपण तरुण सहज करू शकतो. शाबानमध्ये घरोघर साफसफाई होतेच. त्यातला एक रविवार ठरवून शाळेच्या मैदानात किंवा शादीखान्यात सगळ्या मोहल्ल्याचं जुनं सामान मांडू. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, शिक्का असलेला एक काटा, बायकांसाठी वेगळी जागा. डॉक्टरच्या घरचा सोफा आणि हमालाच्या घरची सायकल शेजारी-शेजारी असेल, तेव्हा कुणी का विकतंय हे कुणी विचारणार नाही. ज्याला नवीन परवडत नाही, त्यालाही टेबल-खुर्ची मिळेल.

असा दिवस २०१६ मध्ये असता, तर देग तेव्हाही विकली गेली असती, कारण फी तर भरायचीच होती. पण ती गोणपाटाशिवाय, दिवसाउजेडी, पूर्ण वजनाने विकली गेली असती. कदाचित भंगारात न जाता कुणाच्या तरी वलिम्यात चुलीवर चढली असती.