लाल बावटा आणि लाल पेन

परवा रविवारी भाचा आला होता. चहा घेता घेता बोलणं राजकारणावर गेलं. (आमच्या घरात दुसरीकडे कुठे जाणार म्हणा!) मी सहज बोलून गेले, "रोजगार हमीच्या नव्या कायद्याबद्दल ते कम्युनिस्ट म्हणतात ना, ते मला पटतं बाबा." तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, तू या वयात कम्युनिस्ट झालीस?"

हसलो दोघंही. पण तो गेल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधीच सांगते, मी कोणत्याच पक्षाची नव्हते आणि नाही. कम्युनिस्टांना मत कधी दिलं नाही, कारण आमच्या मतदारसंघात त्यांचा उमेदवारच नसायचा. शिवाय माझी एकादशी असते, रोज तुळशीला पाणी असतं. तेव्हा त्यांनी तरी मला कुठे घेतलं असतं!

पण ३६ वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एक सवय लागलेली आहे. पहिल्या पानावरचं नाव बघायचं नाही आणि गुण प्रश्नवार द्यायचे. पहिला प्रश्न चुकला म्हणून तिसऱ्याचे गुण कापायचे नाहीत. राजकीय पक्षांना आपण हा न्याय का लावत नाही? पक्ष आवडता असला की पैकीच्या पैकी, नावडता असला की सगळ्यावर काट!

तर रोजगार हमी. मी नोकरीला लागले ते साल १९७२. नगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना मिलो आणि सुकडी हे दोन शब्द पुरे आहेत. नववीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली, म्हणून शोधत गेले तर रस्त्याच्या कामावर आईशेजारी खडी फोडत बसली होती. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "बाई, हितं संध्याकाळची भाकर हाय." मी गप्प परत आले. ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही.

त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क. त्यासाठी पैसा हवा म्हणून आम्हा पगारदारांवर व्यवसाय कर बसला. दर महिन्याला पगारपत्रकात ती कपात दिसली की स्टाफरूममध्ये कुरकुर व्हायची. मीही केली आहे, खोटं कशाला बोलू? पण ती खडी आठवली की गप्प व्हायची.

महाराष्ट्राचीच ही कल्पना २००५ मध्ये देशभर गेली. तेव्हाचं मनमोहन सिंगांचं सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं आणि हा कायदा पातळ होऊ नये म्हणून डाव्यांनी चांगलाच जोर लावला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, हे ऐकायला छान. पण पूर्वी मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत असे. आता बहुतेक राज्यांना खर्चातला ४० टक्के वाटा द्यायचा आहे, आणि कोणत्या राज्याला किती निधी ते केंद्र आधीच ठरवणार. डावे म्हणतात, पैशाला कुंपण घातलं की हमी उरत नाही, उरते ती योजना. मला हे बरोबर वाटतं. योजनेत काम मिळालं तर मिळालं. हक्कात ते मागता येतं.

पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची तरतूदही नव्या कायद्यात आहे. माझे धाकटे दीर शेती करतात. ते खूश आहेत, कारण ऐन सुगीत मजूर मिळत नाहीत ही त्यांची रडकथा खरीच आहे. पण भावजी, वर्षातून तेवढेच चार आठवडे मजुराला "इतके द्या, नाहीतर दुसरीकडे जाते" असं म्हणता येतं. तेही काढून घ्यायचं? (ही ओळ वाचून त्यांचा फोन येणार हे नक्की!)

दुसरा प्रश्न कामगार कायद्यांचा. जुने २९ कायदे गुंडाळून चार संहिता केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. सगळंच वाईट आहे असं नाही. ठराविक मुदतीवर नेमलेल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटी, घरपोच डिलिव्हरी देणाऱ्या मुलांची कायद्यात निदान दखल, हे चांगलंच. डावे सरसकट विरोध करतात तिथे मी एक गुण कापेन. पण कामगार कमी करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला लागायची, आता ३०० पर्यंत लागत नाही, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्यांनाच बंधनकारक. इथे त्यांची हरकत वाजवी आहे.

आमच्या भाच्याला युनियन म्हटलं की हसू यायचं. "मावशी, ते गिरणी कामगारांचं झालं." गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने एका दुपारी बोलावलं आणि राजीनामा लिहून द्या म्हणून सांगितलं. अकरा वर्षांची नोकरी एका तासात संपली. आता नवीन मिळाली आहे, पण त्या दिवशी तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला होता. तो कायद्याने 'कामगार' आहे की नाही, इथूनच वाद! लाल बावटा त्याच्या उपयोगी पडला असता का, मला माहीत नाही. पण त्याच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कुणीच नव्हतं, एवढं खरं.

तिसरा प्रश्न निवडणूक रोख्यांचा. इथे पैकीच्या पैकी. माकपने रोखे घेतलेच नाहीत आणि वर न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. बाकीचे बरेच पक्ष भाषणं करत होते आणि रोखेही घेत होते.

आता चुकलेली उत्तरं. मराठी माध्यमात शिकलेली, शिकवलेली बाई मी. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व मला मान्यच. पण बंगालमध्ये डाव्यांनी १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजीच काढून टाकली. ऐपतदारांची मुलं खाजगी शाळेत गेली, गरिबांची मागे राहिली. शेवटी ती परत आणावीच लागली. ज्यांच्यासाठी झगडायचं त्यांचंच नुकसान! आणि १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये जमिनीसाठी विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, १४ माणसं गेली. तेही शेतकऱ्यांचं म्हणवणाऱ्या सरकारच्या काळात. याला गुण नाहीत.

२००८ मध्ये अणुकरारावरून पाठिंबा काढला, तो त्यांचा हक्क. पण लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी पद सोडलं नाही म्हणून त्यांना पक्षातून काढलं, ते मला आजही पटत नाही. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला माणूस सगळ्या सभागृहाचा. शिस्तीला माझा विरोध नाही, मी स्वतः कडक म्हणून बदनाम होते! पण शिस्त ही विवेकापेक्षा मोठी झाली की वर्ग बिघडतो.

माकपचे २००४ मध्ये ४३ खासदार होते, २०२४ मध्ये ४ निवडून आले. भाचा म्हणतो, "लोकांनीच नापास केलंय, तू कशाला तपासतेस?" मुद्दा आहे. पण संसदेतले आकडे कमी झाले म्हणून खडी फोडणाऱ्या बाया कमी झाल्या का? त्यांचा प्रश्न विचारणारं कुणीतरी तिथे हवं. तोच पक्ष हवा असा माझा हट्ट नाही. दुसऱ्या कुणी विचारला तर त्यांनाही गुण देईन.

शेवटी एक आठवण. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी, आदिवासी लाल बावटे घेऊन पायी मुंबईला आले होते. पाय सोललेले, रक्ताळलेले. शेवटचा टप्पा ते दिवसा चालणार होते. पण दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. आयुष्यभर परीक्षा घेतल्या मी. कुठल्या मोर्चाने परीक्षेचा असा विचार केलेला पाहिला नव्हता. त्या सकाळी टीव्हीपुढे बसून मी रडले होते.

तर भाचेसाहेब, मी कम्युनिस्ट झालेली नाही. पण लाल पेन अजून जपून ठेवलं आहे. पुढच्या रविवारी या, तुमच्या आवडत्या पक्षाची उत्तरपत्रिका घेऊन. प्रश्नवार तपासू. चहा करतेच!